वासाचा रोग, बिनवासाचा रोग

सप्टेंबर सरत आला की मिशिगन राज्यातल्या ग्रँड नदीत माणसं कंबरभर पाण्यात उभी दिसू लागतात. छातीपर्यंत येणारी रबरी विजार, हातात लांब गळकाठी, आणि तासभर काही न बोलता चालणारी सोबत. मिशिगन सरोवरातले चिनूक जातीचे सॅमन मासे अंडी घालायला याच सुमारास नदीत शिरतात आणि प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतात. (मुंबईच्या बाजारात रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात खरं, पण या दोघांचं एकमेकांशी काहीच नातं नाही.) ग्रँड रॅपिड्स शहरातल्या सहाव्या रस्त्याच्या बंधाऱ्यापाशी मासे थबकतात, म्हणून बंधाऱ्याखाली माणसंही थबकतात.

२०१२ साली मात्र राज्याच्या दक्षिण भागात नदीनाल्यांवर गेलेल्यांना माशांबरोबर आणखी काही दिसत होतं. आधी यायचा तो वास. मग काठालगतच्या उथळ पाण्यात आडवं पडलेलं पांढऱ्या शेपटीचं हरीण. अंगावर गोळीची खूण नाही, गाडीचा धक्का नाही, वाळून गेल्याचं चिन्ह नाही. चांगलं धष्टपुष्ट जनावर. चार पावलांवर दुसरं. याच नदीवरच्या आयोनिया जिल्ह्यातून आणि आसपासच्या जिल्ह्यांतून वन्यजीव खात्याचे फोन खणखणू लागले. हंगाम संपेपर्यंत राज्यात अशा १२ हजारांहून अधिक मेलेल्या हरणांची नोंद झाली.

या रोगाचं नाव तोंडात न मावणारं आहे: एपिझूटिक हेमोरॅजिक डिसीज. सगळे ईएचडी म्हणतात. विषाणू हरणाच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर घाला घालतो, अंगातल्या अंगात रक्त पाझरू लागतं, ताप चढतो. तापानं फणफणलेलं हरीण गारव्यासाठी पाणी गाठतं आणि तिथेच कोसळतं. लक्षणं दिसू लागल्यापासून दीड दिवसात खेळ आटोपू शकतो. म्हणून तर ते रोडावलेलं नसतं. रोडावायला त्याला वेळच मिळत नाही.

हा विषाणू हरणाकडून थेट हरणाला जात नाही. त्याला वाहन लागतं, आणि ते वाहन म्हणजे डासाहूनही बारीक, चावरं चिलट. ही चिलटं वाढतात ओल्या चिखलात. २०१२ साली अमेरिकेच्या मध्यभागात मोठा दुष्काळ पडला होता. दुष्काळात डास-चिलटं कमी होतील असं आपल्याला वाटतं, पण तळं आटलं की काठाचा चिखल उघडा पडतो आणि उरलेल्या डबक्यावर साऱ्या मुलखातली हरणं गोळा होतात. चिलटांना पाळणाघर आणि पंगत एकाच जागी. मग एके रात्री पारा शून्याखाली जातो, गवतावरचं दव गोठतं, उडती चिलटं मरतात आणि साथ थांबते. इतकी नेमकी अखेर फार थोड्या रोगांना लाभली असेल.

हा विषाणू प्रथम हाती लागला तो १९५५ साली न्यू जर्सीत हरणं पटापट मरू लागली तेव्हा. तो वेगळा काढणारे रिचर्ड शोप हे डुकरांच्या फ्लूचा विषाणू शोधून आधीच नावाजलेले होते. त्याच वर्षी मिशिगनमध्येही हरणं मेली. यातलं काहीच मराठी वाचकाला अगदी परकं वाटायला नको. ईएचडीचा सख्खा चुलतभाऊ म्हणजे मेंढ्यांचा नीलजिव्हा, ब्लू टंग. तोही असल्याच चिलटांवर स्वार होऊन येतो. भारतातली त्याची पहिली नोंद १९६४ सालची, आणि ती महाराष्ट्रातली. पावसाळ्यानंतर मेंढीचं तोंड सुजलं, ती लंगडू लागली की धनगराला जी धास्ती वाटते, ती याच घराण्याची. २०२२ साली लम्पीनं गोठे हवालदिल झाले, तेव्हा चावऱ्या किड्यांची करामत शहरातल्या लोकांनाही समजली.

आता त्या १२ हजारांच्या आकड्याकडे जरा नीट पाहायला हवं. जंगलातली मेलेली हरणं मोजायला कोणी सरकारी माणूस फिरत नाही. आकडा येतो तो गळ टाकणाऱ्यांकडून, होडी वल्हवणाऱ्यांकडून, शेताच्या बांधावरून ओढा दिसतो अशा शेतकऱ्याकडून. योगायोग असा, की हा रोग हरणाला पाण्याशी आणून मारतो आणि माणूसही सुट्टीत पाण्याशीच जातो. म्हणजे या मोजणीत हरणं जितकी मोजली जातात, तितकीच माणसंही. हेच हरीण दाट झाडीत मेलं असतं तर ते ना कुणाच्या नाकाला लागलं असतं, ना कुणाच्या खातेवहीत चढलं असतं.

गंमत म्हणजे त्याच काठावर, त्याच आठवड्यांत, दुसराही सडका वास असतो. अंडी घालून झाली की चिनूक मरतात. काठ त्यांच्या कलेवरांनी भरतो, आणि त्यासाठी कुणी फोन करत नाही. तो निसर्गक्रम समजला जातो. पण हे मासे तरी इथले कुठे? ते प्रशांत महासागराकडचे. एलवाइफ नावाच्या बारक्या परक्या माशानं सरोवर भरून गेलं, तेव्हा त्याला खाणारं कुणीतरी हवं म्हणून हॉवर्ड टॅनर या मत्स्य-अधिकाऱ्यानं १९६६ साली कोहो आणि १९६७ साली चिनूक सोडले. त्या १९६७च्या उन्हाळ्यात एलवाइफ इतके मेले, की किनाऱ्यावर त्यांचे ढिगारे साचले. आजची शरदातली मासेमारीची सहल त्या दुर्गंधीच्या काळातली देणगी आहे.

त्याच १९६७ साली कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रात पिंजऱ्यातली काही हरणं उगाचच रोडावू लागली. कोंडलेपणाचा ताण असेल, असा समज झाला. पुढे दहाएक वर्षांनी एलिझाबेथ विल्यम्स या तरुण पशुवैद्यकानं अशा हरणांच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर मेंदूला स्पंजासारखी छिद्रं पडलेली. हाच क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, सीडब्ल्यूडी. इथे विषाणू नाही, चिलट नाही. चुकीची घडी पडलेलं एक प्रथिन आहे, प्रायॉन. ते लाळेतून, विष्ठेतून, मातीतून पसरतं आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतं. थंडीनं त्याचं काही बिघडत नाही. लागण झालेलं हरीण वर्ष-दीड वर्ष ठणठणीत दिसतं, चरतं, पिलं घालतं. बरीचशी तर लक्षणं दिसण्याआधीच गाडीखाली सापडतात किंवा शिकाऱ्याच्या गोळीला बळी पडतात. ढीग नाही, वास नाही, फोनही नाही.

मिशिगनच्या रानात तो पहिल्यांदा सापडला २०१५ साली, राजधानी लान्सिंगला लागून असलेल्या मेरिडियन टाउनशिपमध्ये. एका घराभोवती आजारी मादी भटकताना दिसली, एवढंच निमित्त.

दोन्ही रोगांवर लोकांचं वागणं मात्र उफराटं. ईएचडीच्या वर्षी काठावर हरणांचा खच पाहून शिकार बंद करा अशी ओरड होते, आणि ते मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. पण बहुतेक ठिकाणी कळप काही वर्षांत पुन्हा भरतो. सीडब्ल्यूडी आला की शास्त्रज्ञ उलट सांगतात: अधिक मारा, कळप विरळ करा. नॉर्वेत २०१६ साली रानटी रेनडिअरमध्ये तो आढळला, तेव्हा नोर्डफ्येल्ला भागातला सुमारे २ हजारांचा अख्खा कळप २०१८पर्यंत मारून टाकला. विस्कॉन्सिननं २००२ साली असलाच बेत आखला, तर जमीनमालक आणि शिकारीच आडवे आले. चांगली दिसणारी हरणं कशासाठी मारायची, हा त्यांचा प्रश्न. शिवाय अमेरिकेतली राज्य वन्यजीव खाती चालतात बरीचशी शिकार-मासेमारीच्या परवान्यांवर आणि १९३७च्या कायद्यानं वन्यजीवांसाठी राखून ठेवलेल्या बंदुका-काडतुसांवरच्या करावर. ज्याच्या पैशानं खातं चालतं, त्यालाच नको असलेली गोष्ट करायला सांगायची. विस्कॉन्सिननं तो बेत पुढे गुंडाळला. रोग तिथेच आहे.

१५ नोव्हेंबरला मिशिगनमध्ये बंदुकीनं हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो. तोवर दव गोठून गेलेलं असतं, चिनूकही संपलेले असतात. हरीण पडलं की जाणता शिकारी आधी त्याचे खूर उलटून पाहतो. खुरावर आडवी भेग असेल तर त्या जनावरानं उन्हाळ्यात ईएचडी अंगावर काढला आणि ते वाचलं. दुसऱ्या रोगाची खूण बाहेरून दिसत नाही. त्यासाठी डोकं खात्याच्या तपासणी केंद्रावर नेऊन द्यावं लागतं आणि चिठ्ठीवरचा क्रमांक जपून ठेवावा लागतो. सीडब्ल्यूडी माणसाला झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, तरी लागण झालेल्या हरणाचं मांस खाऊ नये असाच आरोग्य खात्याचा सल्ला आहे. त्यामुळे निकाल येईपर्यंत मांसाची पाकिटं तारीख घालून फ्रीझरमध्ये पडून राहतात, आणि घरातलं कुणीतरी रोज विचारतं, आला का काही निरोप?