पाडव्यापर्यंतची जागा

बालाघाटाच्या डोंगरातल्या धारूर गावात, किल्ल्याच्या वाटेवर एक मोकळा प्लॉट होता. मालक छत्रपती संभाजीनगरला राहायला गेलेले. प्लॉटवर येडी बाभूळ माजली होती आणि गल्लीतला कचरा तिथंच पडत होता.

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला जातात. त्या वर्षीही गल्लीतल्या कितीतरी घरांना कुलपं लागली. जिथं आजी-आजोबा होते, तिथं लेकरं मागं राहिली. शाळा सुटल्यावर ती त्या कचऱ्याच्या कडेलाच बसून असायची. चित्रकला शिकवणाऱ्या बाई जाता-येता हे बघत होत्या. शेवटी त्यांनी मालकांना फोन लावला.

"काका, संक्रांतीपासून पाडव्यापर्यंत प्लॉट द्याल का? लेकरं तिथं चित्रं मांडतील."

"नाही जमायचं, मॅडम. आज चित्रं मांडाल, उद्या कुणी तीन दगड मांडून शेंदूर फासेल, परवा पत्र्याचं शेड उभं राहील. दिलेली जागा परत आलेली मी तरी पाहिली नाही."

बाईंना राग आला नाही, कारण त्या माणसाची भीती खरी होती. गावोगावच्या अनेक जागा याच भीतीपायी कुंपणाआड ओस पडतात. आधी कुणीतरी शब्द मोडलेला असतो आणि त्याची किंमत पुढचे सगळे मोजतात.

संध्याकाळी त्यांनी गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना गोळा केलं. "मुंबईत कुलाब्याला ससून डॉक आहे," त्या सांगू लागल्या. "१८७५ साली बांधलेला मासळीचा धक्का. २०१७ मध्ये तिथल्या जुन्या गोदामांत काही आठवडे चित्रं मांडली होती. तिथल्याच कोळी माणसांचे मोठाले फोटो भिंतींवर लावले होते. मुदत संपली, प्रदर्शन उठलं."

"त्यात नवल काय, बाई?" एक आजी म्हणाली. "आपण गणपती बसवतोच की. मांडव घालायचा, दहा दिवस गाव जमवायचं, आन् अनंत चतुर्दशीला देव उठवायचा. देवाला उठवतो, तर चित्रं उठवायला काय झालं?"

१८९०च्या दशकात घराघरातला गणपती पुण्याच्या चौकात आला आणि टिळकांनी त्या उत्सवाला बळ दिलं, तेव्हापासून महाराष्ट्र दरवर्षी मोकळ्या जागा काही दिवसांसाठी सजवत आला आहे. मांडणं आणि उठवणं, दोन्ही आपल्या अंगवळणी पडलेलं. बाईंनी तोच धागा धरला. त्यांनी कागदावर अटी लिहिल्या: खड्डा खणणार नाही, भिंत बांधणार नाही, कुणाच्या नावाचा फलक लावणार नाही, पाडव्याच्या सकाळी जागा झाडून परत देऊ. खाली आजीनं अंगठा उठवला. कागद मालकांकडे गेला. ते नाखुशीनं का होईना, हो म्हणाले.

मग गल्ली कामाला लागली. बाभूळ तोडली, कचरा उचलला. तेलाच्या रिकाम्या डब्यांत वाळू भरून बांबू उभे केले. घराघरातून जुनेरं आली, त्यांना ज्वारीच्या पिठाची खळ लावून ती ताणली. गेरू, चुना, नीळ आणि काजळी एवढेच रंग. कुणी सीताफळाची बाग काढली, कुणी किल्ल्याचा बुरूज. आजीच्या नातवानं कारखान्यावरची पाचटाची कोपी काढली. दारात चूल, चुलीपुढं आई, शेजारी मोळी उचलणारा बाप. संध्याकाळी म्हाताऱ्या बाया कंदील घेऊन तिथं बसायच्या, ओव्या म्हणायच्या. ज्या कोपऱ्यावरून लोक नाक दाबून जात, तिथं ते आता थांबू लागले.

पाडवा जवळ आला. गल्लीतल्या तरण्या पोरांना वाटलं, एवढं सुंदर झालंय तर उठवायचं कशाला? "पत्र्याचं शेड टाकू, पुढाऱ्याच्या नावाची पाटी लावू. मग कोण हात लावतंय बघू."

आजीच्या नातवाचं दुखणं वेगळं होतं. बरीच माणसं तोडीवरून परतली होती, पण त्याच्या आईबापाच्या कारखान्याचा पट्टा अजून पडायचा, म्हणजे हंगाम संपायचा होता. तो रडवेला होऊन म्हणाला, "आज्जे, आठच दिवस ठेव ना. आई-दादांनी बघितलंच न्हाई."

आजीचा जीव कळवळला, पण ती ढळली नाही. "लेकरा, मुकादमाकडून आगाऊ उचल घेतली की तुझा बाप अंगात ताप असला तरी फडात उतरतो. ही जागा आपली उचल हाय. म्या अंगठा दिलाय. फेडायलाच पाहिजे."

तरणी पोरं गप्प झाली. त्यांच्या घरातही उचल होती.

पाडव्याच्या सकाळी मालक आले, ते सोबत कुंपणाची तार आणि दोन मजूर घेऊनच. प्लॉट झाडून, सडा घालून ठेवलेला होता. बांबू नव्हते, डबे नव्हते, बाभळीचा एक खुंटसुद्धा नव्हता. आजीनं कागद पुढं केला. "बघून घ्या, दादा. जशी घेतली त्याहून चांगली दिलीय."

मालकांनी तार परत पाठवली. "पुढच्या संक्रांतीला कागद नको," ते म्हणाले. "अंगठा पुरे."

नातवाचं चित्र जुनेरावर होतं, म्हणून ते घडी घालून घरी नेता आलं. आठवड्यानं आईबाप आले, तेव्हा ते घरातल्या भिंतीवर टांगलेलं होतं. आईनं कोपी ओळखली आणि लेकराला जवळ ओढलं.

ही हकीकत गावात पसरली. पुढच्या वर्षी एका व्यापाऱ्यानं आपलं बंद गोदाम स्वतःहून देऊ केलं, दुसऱ्या एकानं बाजारातली मोकळी जागा. ज्यांनी आजवर कुणाला पाऊल टाकू दिलं नव्हतं, तेच लेकरांना बोलवायला आले.

बोध: मागून घेतलेली जागा जो धरून बसतो, त्याला ती एक जागा मिळते आणि बाकी सगळ्यांची दारं बंद होतात. जो ठरल्या दिवशी ती परत करतो, त्याच्यासाठी आणि त्याच्यामागून येणाऱ्यांसाठी गाव मोकळं होतं.