घेवड्याचा वेल आणि आपली कृतज्ञता

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंती. त्याआधी घरोघरी श्रीगुरुचरित्राचा सप्ताह बसतो. सोवळं, नैवेद्य, आरती सगळं आपण काटेकोर पाळतो. पण पोथी पुन्हा बासनात बांधल्यावर मनात काय उरतं? 'महाराज, एवढं केलं, आता आमचं काम होऊ द्या' एवढंच उरत असेल, तर ती पूजा कमी आणि अर्ज जास्त झाला.

माझी नोकरी बँकेत, कारकुनीत गेली. तिथला साधा नियम असा, की आलेली रक्कम जमेला मांडल्याशिवाय दिवसाचा हिशेब मिटत नाही. देवाशी मात्र आपला व्यवहार उलटा. न मिळालेलं तोंडपाठ, मिळालेल्याची नोंदच नाही!

अमरापूरच्या गरीब ब्राह्मणाची कथा आठवा. भिक्षेवर त्याचा संसार. भिक्षा कमी पडली की दारातल्या वेलाच्या घेवड्याच्या शेंगांवर घर जेवायचं. श्रीनृसिंहसरस्वती स्वामी भिक्षेला आले, तेव्हा त्याने तीच घेवड्याची भाजी आदराने वाढली. स्वामी तृप्त झाले, आशीर्वाद दिला, आणि जाताना तो वेलच उपटून टाकला. बायको रडू लागली. मुलाबाळांच्या तोंडचा घास गेला होता. ब्राह्मणाने तिची समजूत घातली, की पोसणारा ईश्वर आहे, स्वामींना दोष देऊ नये. पुढे वेलाचं उरलेलं मूळ खणताना द्रव्याने भरलेला हंडा सापडला.

आपल्या लक्षात राहतो तो हंडा. पण नीट वाचा, ब्राह्मणाचे समजुतीचे शब्द हंड्याच्या आधीचे आहेत. घरात असेल ते मनापासून वाढणं, हा आदर. आणि वेल गेल्यावरही देणाऱ्याविषयी मन कडू न होऊ देणं, ही कृतज्ञता.

आपल्या वयात वेल उपटले जातातच. कुणाचा जोडीदार जातो, कुणाचे गुडघे, कुणाची नजर. ओळखीतले एक गृहस्थ पत्नी गेल्यावर देवळात येईनासे झाले. म्हणाले, "चाळीस वर्षं गुरुवार केले, काय मिळालं?" 'तुम्हालाही हंडा सापडेल' असं मी त्यांना सांगितलं नाही. तसं कुणी सांगूही नये. एवढंच विचारलं, "या चाळीस वर्षांत रोज सकाळी चहाचा कप कोण हातात देत होतं? ते देणं कुणाचं?" बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "ते कधी मोजलंच नाही हो."

दुःख झालं तर रडावं. पोथीनेही त्या माऊलीचं रडणं झाकून ठेवलेलं नाही. पण रडताना जमेची बाजू पुसू नये.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले 24 गुरू सांगितले. पृथ्वी, पाणी, अजगर, मधमाशी, पिंगला वेश्यासुद्धा. ज्याच्याकडून जे शिकलो, त्याचं नाव घेऊन सांगितलं. कृतज्ञता अशी असते, नावानिशी.

म्हणून यंदा जयंतीला एक करू या. पाळणा झाल्यावर, प्रसादाच्या रांगेत शिरण्याआधी, दोन मिनिटं डोळे मिटून उभं राहू. उभं राहवत नसेल तर खुर्चीत बसू; महाराज गुडघे बघत नाहीत. काही मागायचं नाही. ज्यांच्या हातून महाराजांनी आपल्याला दिलं, त्यांची एकेक नावं आठवायची. आई-वडील, शाळेतले मास्तर, अडचणीत उसने देणारा शेजारी, घर सांभाळणारी सून. आणि घरी गेल्यावर त्यांतल्या एकाला तरी ते तोंडाने सांगायचं. सुनेला सांगायला थोडा संकोच वाटेल. तरी सांगा. तीही पादुकांचीच पूजा आहे.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!