पायाखालचा पहिला गुरू



अवधूताने यदुराजाला चोवीस गुरू सांगितले. त्यात पहिली पृथ्वी. भागवताच्या अकराव्या स्कंधातला हा संवाद आमच्या चंद्रपूरच्या वस्तीतल्या दत्तमंदिरात मी कितीदा वाचला असेन! लोक तुडवतात, खणतात, तरी ती आपलं व्रत सोडत नाही, हे सांगताना गळा भरून यायचा. आणि देवळाभोवतीची जमीन 'सुंदर' करायचा ठराव आला, तेव्हा त्यावर पहिली सही माझीच होती.

हेतू वाईट नव्हता. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो, गट्टू तापतात, अनवाणी प्रदक्षिणेला पाय पोळतात. हिरवं अंथरूण हवंच होतं. मग रोपवाटिकेतून पिवळ्या फुलांचं वेडेलिया आणलं. एका पावसाळ्यात अंगण भरलं. येणारा-जाणारा फोटो काढायचा, अन् आम्ही खूश!

हे झाड मूळचं अमेरिकेतलं. जगातल्या शंभर उपद्रवी परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. पेरापेराला मुळं फुटतात, खालचं सगळं झाकून जातं. आमची दूर्वा तशीच गेली, कडेला थोडी उरली. ती कड साफ दिसावी म्हणून तणनाशक मारायलाही आम्हीच सांगितलं.

दर मंगळवारी एक आजी गणपतीसाठी दूर्वा खुडायला येतात. त्या दिवशी पदरात जुडी बांधून निघाल्या, तर माळीदादा म्हणाला, "काल तिथं औषध मारलं जी." मी धावत जाऊन जुडी मागून घेतली. आजी माझ्याकडे बघत राहिल्या. "देवाच्या दारात इख, भाऊ?"

इतकी वर्षं पोथी वाचून मला उत्तर सुचलं नाही.

मग खणायला घेतलं. एक पेर राहिलं तरी पुन्हा फुटतं, म्हणून तीनदा खणलं. उपटलेलं इरई-झरपटच्या काठी टाकू दिलं नाही. तिथून रानात शिरायला त्याला वेळ लागत नाही. सगळं वाळवलं, मगच टाकलं. उन्हाच्या बाजूला दूर्वेच्या काड्या लावल्या. औदुंबराखाली मात्र काही लावलं नाही. सावलीत दूर्वा नीट धरत नाही, आणि तिथं पानं, उंबरं पडून कुजतात तेच बरं. त्या झाडाला तीच गादी. बुंध्याजवळचे गट्टूही काढले. काही मंडळींना अजून ते उघडंबोडकं वाटतं. वाटू दे.

आजी परवाच्या मंगळवारी आल्या. वाकून, बोटांनी चाचपत, एकेक काडी मोजत खुडली. एकवीस काही भरल्या नाहीत, तेराच निघाल्या.

"राहू दे," म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारी भरतीन."