एक हात, पावणेचार फेऱ्या

पहाटे पाचला यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही मोठ्या गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर जा. दारव्हा असो, वणी असो की उमरखेड, अंधारातच पोरांचे घोळके पळताना दिसतील. एकजण मोबाईलवर वेळ लावून मैलाच्या दगडाशी उभा असतो. ‘सोळाशे कितीत मारतो?’ हा प्रश्न या पोरांमध्ये नावागावाच्या आधी विचारला जातो. पोलीस भरतीच्या पन्नास गुणांच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटरचे २० गुण असतात, तेवढेच मुलींना ८०० मीटरचे. मध्यम पल्ल्याचं धावणं आपल्या जिल्ह्यात रुजलं ते भरतीमुळे. कापसाचा भाव आणि पावसाचा लहरीपणा पाहता, पक्क्या पगाराकडे नेणारी ही वाट पोरांनी का धरली ते सांगायला नको.

या घोळक्यात एक हात नसलेला मुलगा मात्र दिसत नाही. तो गावात असतो. कडबाकुट्टीत किंवा मळणी यंत्रात हात गेलेला, रात्रीच्या विजेवर ओलिताला गेला असता मोटरपंपाच्या तारेचा धक्का बसलेला, नाहीतर जन्मतःच कोपरापासून हात नसलेला. त्याला कोणी धावू नको म्हणत नाही. पण ज्या वाटेच्या शेवटी खाकी वर्दी आहे, ती आपल्यासाठी नाही हे त्याला ठाऊक असतं, मग तो पहाटे उठणार तरी कशाला? धावणं आपण भरतीला इतकं घट्ट बांधून टाकलं आहे की, ज्याची भरती होणार नाही त्याला धावायला कारणच उरलेलं नाही. या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच, आणि ते बदलता येण्यासारखं आहे.

ऑक्टोबर २०२३मध्ये चीनमधल्या हांगझोऊ इथे आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धा झाल्या. हाताची उणीव असलेल्या धावपटूंच्या टी-४६ गटात १५०० मीटरचं रौप्य आणि कांस्य अशी दोन्ही पदकं भारताला मिळाली. प्रमोद बिजारनिया दुसरा आला, राकेश भैरा तिसरा. प्रमोदची वेळ होती ४ मिनिटं ९ सेकंद. त्याच वेगाने तो आणखी शंभर मीटर धावला असता, तर सोळाशे मीटर साधारण ४ मिनिटं २६ सेकंदांत संपले असते. आपल्या रस्त्यांवरची पोरं पाच मिनिटांच्या आसपास पोहोचायला वर्ष-वर्ष घासतात. हा आकडा गावातल्या भरतीच्या पोरांना एकदा सांगून पाहावा. धावणाऱ्याला वेळ कळते, त्याला वेगळं समजवावं लागत नाही.

धावायला पाय लागतात, हाताचं काय काम, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात उजवा पाय पुढे जातो तेव्हा डावा हात पुढे येतो आणि कमरेखालच्या झटक्याने धड वळू नये म्हणून तो झटका तोलून धरतो. एक हात नसला की हे काम खांद्याला आणि पाठीच्या स्नायूंना करावं लागतं. पंधराशे मीटर म्हणजे चारशेच्या मैदानावर पावणेचार फेऱ्या, प्रत्येक वळण डावीकडे. पहिल्या फेरीत हे जाणवत नाही. तिसऱ्या फेरीत, पाय जड होऊन श्वास तुटायला लागला की, हात नसलेल्या बाजूचा खांदा वर चढतो, मान आखडते, पाऊल वाकडं पडू लागतं. त्यात शंभर मीटरसारखी आखलेली स्वतंत्र पट्टी इथे नाही. सगळे आतल्या कडेला घोळक्याने धावतात, कोपरांनी जागा राखतात. हात नसलेल्याला त्या बाजूची जागा राखता येत नाही, आणि पाय अडकून पडला तर टेकायला एकच हात. म्हणून या शर्यतीत ताकदीइतकीच अक्कल लागते: कोणाच्या मागे राहायचं, कोणत्या अंगाने बाहेर पडायचं, घंटा वाजल्यावर किती राखून ठेवायचं. मला ही शर्यत शंभर मीटरपेक्षा मोठी वाटते ती यामुळेच.

महाराष्ट्रातलं याच्या जवळचं उदाहरण दिलीप गावित. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यातलं आदिवासी शेतकरी कुटुंब. लहानपणी झाडावरून पडल्यामुळे उजवा हात गमावला. प्रशिक्षक वैजनाथ काळे यांनी त्याला घडवलं. हांगझोऊला हाताच्याच उणिवेच्या टी-४७ गटाच्या ४०० मीटरमध्ये ४९.४८ सेकंदांत त्याने सुवर्ण जिंकलं आणि पुढच्या वर्षी पॅरिस पॅरालिम्पिकची अंतिम फेरी गाठली. चारशे मीटर हा मध्यम पल्ल्याचा उंबरठा. सुरगाण्यात जे होतं ते आमच्या झरी जामणीत, घाटंजीत, केळापुरातही आहे: डोंगर, पायी शाळा, काटक अंगाची मुलं. एका मुलाची नोंद घेणारा, त्याच्यामागे वर्षानुवर्षं राहणारा प्रशिक्षक मात्र नशिबाने मिळावा लागतो. ते नशिबावर सोडणं मला मान्य नाही.

दरवर्षी ३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनाच्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष शाळांच्या क्रीडा स्पर्धा होतात. त्या घेणाऱ्या शिक्षकांची मेहनत मी पाहिली आहे, तिच्याबद्दल आदरच आहे. पण धावणं तिथे सहसा पन्नास-शंभर मीटरवर संपतं. पाहुणे टाळ्या वाजवतात, सगळ्यांना प्रमाणपत्र मिळतं, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘अपंगत्वावर मात’ असा मथळा येतो. मुलगा किती सेकंदांत धावला, गेल्या वर्षीपेक्षा सुधारला की घसरला, हे बातमीत नसतं. खेळाडूला हवी असते ती हीच माहिती. टाळ्यांनी त्याचं एक दिवस भलं होतं. वहीत लिहिलेल्या वेळेवर तो वर्षभर सराव करू शकतो.

यात एक तांत्रिक अडचण आहे आणि ती आईवडिलांना कोणीतरी आधीच समजावून सांगायला हवी. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरची टक्केवारी आणि मैदानावरचं वर्गीकरण ही दोन वेगळी मापं आहेत. सरकारी सवलतींसाठी चाळीस टक्के पुरतात. क्रीडा वर्गीकरणात कोणता अवयव, कुठपासून आणि त्याचा त्या खेळावर काय परिणाम, हे पाहिलं जातं. प्रमाणपत्र हातात असलेला मुलगा राज्य स्पर्धेला जातो आणि कोणत्याच गटात बसत नाही असं होऊ शकतं. घरची दोन दिवसांची मजुरी बुडवून गेलेल्या मुलावर ही वेळ यायला नको.

मोठ्या स्पर्धाही इथे पुऱ्या पडत नाहीत. पॅरिसला टी-४६ची १५०० मीटर शर्यत पुरुषांना होती, स्त्रियांना नव्हती. पाय नसलेल्या, ब्लेडवर धावणाऱ्यांच्या शर्यती शंभर ते चारशे मीटरपुरत्याच. १९६८मध्ये तयार झालेल्या जयपूर फूट या कृत्रिम पायाने शेतात चालणं, उकिडवं बसणं शक्य केलं, हे उपकार मोठे. पण लांब धावण्यासाठी तो बनवलेलाच नाही. कार्बनचं ब्लेड लाखांच्या घरात जातं, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात घामाने सॉकेटच्या आत कातडी सोलवटते. म्हणून सुरुवात हाताची उणीव असलेल्या मुलामुलींपासून करावी असं मला वाटतं. त्यांना बूट आणि मैदान यापलीकडे काही लागत नाही, तेव्हा पैसा नाही ही सबब त्यांच्या बाबतीत चालणार नाही. मुलींना तर पहिल्या दिवसापासून धावू द्यावं. वरच्या पातळीवर त्यांची शर्यत नसेल, तर ती मागायला आधी धावणाऱ्या मुली दिसायला हव्यात.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं तिसावं कलम खेळांत सहभागी होण्याच्या हक्काबद्दल आहे. म्हणजे ही मागणी कोणाच्या मेहेरबानीची नाही. शेजारच्या अमरावतीत १९१४पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं आहे. शारीरिक शिक्षण शिकणारे त्यांचे विद्यार्थी वेळ घ्यायला, फेऱ्या मोजायला येऊ शकतात. भरतीची अकादमी चालवणाऱ्यांनी आपल्या घोळक्यात असा एक मुलगा, एक मुलगी विनाशुल्क घ्यावी. त्यांचं वेळापत्रक वेगळं करायची गरज नाही, तोच रस्ता, तेच घड्याळ पुरेल.

आणि जिल्हा क्रीडा कार्यालय व समाजकल्याण विभागाला विनंती: येत्या ३ डिसेंबरला यवतमाळच्या नेहरू स्टेडियमवर ८०० आणि १५०० मीटरच्या शर्यती ठेवा, मुलांच्या आणि मुलींच्याही. प्रत्येकाची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत लिहा, ती जाहीर करा आणि पुढच्या वर्षी त्याच मुलांना परत बोलवा.