परदेशातला सण

वारकरी सज्जनहो, सोलापूर जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांतून आता एक तरी माणूस समुद्रापलीकडे असतो. कोणी दुबईस, कोणी मस्कतास, कोणी अमेरिकेत. दिवाळी येते, गड्डा येतो, आषाढी येते, आणि त्या घरातली आई फराळाचा डबा उघडते अन् पुन्हा झाकून ठेवते. कीर्तन संपल्यावर मंडळी विचारतात, “बुवा, पोरगा सणाला घरी नाही. तो सण त्याला लागू होतो का? आणि आम्हांला तरी?”

पूर्वपक्ष मोठा बळकट आहे. आपल्या संप्रदायाचा पायाच पुंडलिकाने घातला, आणि पुंडलिक आईबापांचे पाय सोडून उठला नाही. देव दारात आला तरी त्याला वीट देऊन उभा केला. मग आईबापांना टाकून सातासमुद्रापलीकडे गेलेल्याने स्वतःला वारकरी कसे म्हणवावे?

आता जरा थांबा. वारी म्हणजे तरी काय? ज्येष्ठात आळंदीहून निघायचे, अडीचशे किलोमीटर चालायचे, अठरा-वीस दिवस घराचे तोंड पाहायचे नाही. पेरणी झालेली असो वा नसो. आपला सर्वांत मोठा सण आपण घराबाहेरच करतो की! वाटेत ज्याची ओळखदेख नाही त्याला माउली म्हणतो, त्याच्या पंगतीला बसतो. तेव्हा घराबाहेर सण होत नाही हे वारकऱ्याने तरी म्हणू नये. आपले नामदेवमहाराज पंढरी सोडून पंजाबात राहिले. घुमान हे त्यांचे गाव झाले, शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात त्यांची 61 पदे आहेत. पंजाबातले लोक समाधी घुमानला मानतात, आपण महाद्वारीची पायरी मानतो. त्यावरून भांडण नको. दोन्हीकडे डोके टेकावे.

शास्त्राचे म्हणाल, तर पूजेला बसल्यावर आधी संकल्प सोडतो. त्यात देवाचे नाव येण्यापूर्वी देश आणि काळ उच्चारायचा असतो. कोणते द्वीप, कोणते वर्ष, कोणत्या नदीचा तीर. याचा अर्थ इतकाच की तू जिथे बसला आहेस तिथले नाव घे, जिथे असायला हवे होते तिथले नव्हे. अमेरिकेतले काही पुरोहित म्हणे क्रौंचद्वीप म्हणतात. ते बरोबर की चूक हे पंडितांनी पाहावे. मला त्यातला प्रामाणिकपणा आवडतो. आणि तिथीही तिथल्याच सूर्योदयावर धरायची. म्हणून इथली एकादशी आणि अमेरिकेतली एकादशी कधी कधी एका दिवसाने मागेपुढे होते. मुलाला सोलापूरची तारीख कळवून घोटाळ्यात टाकू नका, त्याला तिथल्या गावाचे पंचांग पाहू द्या.

दृष्टान्त दूरचा कशाला, आपल्याच गावचा घ्या. डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1910 साली सोलापुरात जन्मले. 1938 च्या सप्टेंबरात काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते मुंबईहून चीनला निघाले. तिथे जपानशी युद्ध चालले होते. तिकडे असतानाच इकडे वडील वारले. परत येता आले असते, आले नाहीत. पाचांपैकी चौघे पुढे मायदेशी परतले. हे तिथली भाषा शिकले, 1941 साली बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच परिचारिकेशी, क्वो छिंगलान यांच्याशी, लग्न केले. मुलाचे नाव ठेवले यिनह्वा. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. 9 डिसेंबर 1942 रोजी ते तिथेच गेले, वय 32. मूल चार महिन्यांचेही नव्हते. हिशेब करा, पाच दिवाळ्या आणि चार आषाढ्या. सोलापुरात त्यांच्या जन्मघराचे स्मारक केले आहे. पुष्कळ वारकरी एस. टी. बदलायला सोलापुरात उतरतात, त्यांनी पाहून यावे. कोटणीस काही माळकरी नव्हते, मी त्यांना ओढून वारकरी करीत नाही. परंतु समोर जखमी माणूस असताना दारात कोणी आले तर “थांब” म्हणायचे, हे पुंडलिकाचेच काम नव्हे काय?

तथापि या दृष्टान्ताचा आडोसा कोणी करू नये. पोटासाठी गेलेला वेगळा, सेवेला गेलेला वेगळा, आणि दिवाळीची सुट्टी लागली म्हणून म्हाताऱ्या आईला शेजाऱ्यांवर सोपवून देश पाहायला गेलेला वेगळा. देशाटन वाईट असे मी म्हणत नाही, आपल्या पूर्वजांनी त्याची स्तुतीच केली आहे. पण आईजवळ दुसरे कोणी नसेल, तिला दिसत नसेल, उठवत नसेल, तर जखमी माणूस तुमच्याच घरात आहे. तिकीट पुढच्या महिन्याचे काढा.

आणि घरच्यांनाही सांगतो. लक्ष्मीपूजनाच्या वेळी फोनवर रडू नका. तुमच्या संध्याकाळी न्यूयॉर्कात सकाळ असते, पोरगा कामावर निघालेला असतो. तो दिवसभर ते रडणे घेऊन फिरतो. “काय खाल्लेस, कोणाला बोलावलेस” एवढे विचारा. एकट्याने खाल्ले म्हणाला तर मात्र रागवा. तिकडेही दिंडी असते, शोधली की सापडते. उपाशी शेजारी मिळाला तरी पुरे.

मागे एका माउलीने विचारले, भाऊ दुबईत आहे, भाऊबीजेला काय करू? अहो, आपल्या आज्यांनी हे कधीच ठरवून ठेवले आहे. भाऊ दूर असला की चंद्राला ओवाळायचे. द्वितीयेची कोर पश्चिमेला असते आणि लवकर मावळते, म्हणून दिवे लागताच ताट घेऊन बाहेर या. ओवाळून झाले की भावाला फोन करा. दुबईचे घड्याळ आपल्या दीड तास मागे असते, तेव्हा तिकडे अजून ऊन असेल. त्याला सांगा, थोड्या वेळाने गच्चीवर जा, तीच कोर तुझ्याकडे यायची आहे.