साडेसात मिनिटांची घाई

मुंबई-गोवा महामार्गाचा विषय निघाला की सिंधुदुर्गातला माणूस आधी सरकारला चार शिव्या हासडतो आणि मग बोलायला लागतो. त्यात त्याचं चुकतं असं कोण म्हणेल? पनवेलच्या बाजूने चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. तेव्हा पहिलीत असलेली पोरं कॉलेजात गेली, तरी रायगड-रत्नागिरीतले खड्डे आणि डायव्हर्जन संपले नाहीत. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला, आणि जयगड-मुंबई व राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या प्रवाशांसकट नदीत गेल्या. तिथे वेगाचा काही संबंध नव्हता, चालकांचाही नव्हता. पुलाचं वय ज्यांना ठाऊक असायला हवं होतं, त्यांचा होता. ‘रस्ता माणसं मारतो’ हे वाक्य आपण अशा अनुभवांतून शिकलो.

पण आता निदान आपल्या जिल्ह्यापुरतं हे वाक्य पुन्हा तपासून पाहायला हवं. खारेपाटणपासून पत्रादेवीपर्यंत रस्ता चौपदरी झाला. झाराप-पत्रादेवीचा तुकडा तर त्याच्या कितीतरी आधी झाला होता. रुंद काँक्रीट, मध्ये दुभाजक, पूर्वीची नागमोडी वळणं बरीचशी सरळ. खड्डा चुकवताना झालेले अपघात समजण्यासारखे होते. सरळ, रुंद, कोरड्या रस्त्यावर दिवसाढवळ्या जे होतं त्याला काय म्हणायचं? तिथेही आपण सवयीने ठेकेदाराचं नाव घेतो. ठेकेदाराच्या डोक्यावर पापं भरपूर असतील, पण अ‍ॅक्सिलरेटरवर पाय त्याचा नसतो.

हिशेब करून पाहू. कणकवली ते कुडाळ अंतर तीसेक किलोमीटर धरा. ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने गेलात तर साडेबावीस मिनिटं लागतात. १२०ने गेलात तर पंधरा. वाचली साडेसात मिनिटं, तीही कागदावर. मध्ये एखादा संथ ट्रेलर, एखादी वळणारी रिक्षा आली की त्यातली निम्मी गेली. उरलेल्या मिनिटांचं आपण कुडाळला पोचून काय करतो, तर टपरीवर चहा घेतो.

आता दुसरी बाजू. ८०च्या वेगात गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते, १२०च्या वेगात तेहतीस. समोर काहीतरी आलं हे डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद तरी जातोच, कितीही निष्णात चालक असला तरी. टायर चांगले आणि रस्ता कोरडा असेल, तर ८०ने येणारी गाडी साधारण साठ मीटरच्या आत थांबते. तेवढ्याच अंतरावरून धोका दिसलेली १२०ची गाडी, पहिली गाडी जिथे थांबली त्या जागी पोचते तेव्हा अजून १००च्या आसपास वेगात असते. म्हणजे एकीसमोरची बाई घाबरून दोन शिव्या देऊन रस्ता ओलांडून जाईल. दुसरीसमोरची जाणार नाही. पावसात हा फरक आणखी वाढतो, आणि आपल्याकडे पाऊस चार महिने असतो.

वेगाची हौस करणारा नेहमी एकच उत्तर देतो : ‘माझ्या हातात कंट्रोल आहे, माझ्या जिवाचं मी बघतो.’ हे खरं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. आपापल्या जिवाशी खेळायचा हक्क माणसाला असावा की नसावा, हा वेगळा वाद आहे. इथे प्रश्न दुसऱ्याच्या जिवाचा आहे. केंद्र सरकारच्या २०२२च्या आकडेवारीनुसार त्या वर्षी देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली जवळपास ४५ टक्के दुचाकीवर होती आणि जवळपास २० टक्के पायी चालत होती. वेगमर्यादा मोडल्यामुळे गेलेले बळी ७० टक्क्यांहून जास्त. मोटारीतल्या माणसाला सीटबेल्ट आहे, एअरबॅग आहे, भोवती पत्रा आहे. पायी चालणाऱ्याजवळ छत्री असते.

आणि आपला महामार्ग हा काही माळरानावरून गेलेला रस्ता नाही. त्याने गावं मधोमध कापली आहेत. घर एका बाजूला आणि शेत दुसऱ्या बाजूला, वाडी इकडे आणि शाळा, देऊळ, रेशनचं दुकान तिकडे, अशी स्थिती किती गावांची आहे! रस्ता आला म्हणून माणसांनी शेत सोडलं नाही, सोडूही नये. पूर्वी दोन पदरी रस्ता चार ढांगांत ओलांडणारी आजी आता चार पदर, दुभाजक आणि सर्व्हिस रोड ओलांडते. मिडलकट दूर असला की दुचाकीवाला राँग साइडने येतो, आणि ते चुकीचंच आहे. पण त्याला दोन किलोमीटरचा फेरा घालायला लावणाऱ्या आराखड्यालाही कुणी दोन प्रश्न विचारायला हवेत. हुंबरटचा तिठा असो की झारापचा, तिथे रस्ता ओलांडणारा माणूस पाहुणा नाही. पाहुणी ती गाडी आहे. दुसऱ्याच्या अंगणातून जाताना पाय हळू टाकायचा, हे कोकणात कुणाला शिकवावं लागत नाही. तेच अंगण गाडीत बसल्यावर आपल्याला दिसेनासं होतं.

कायदा काय म्हणतो? केंद्राच्या एप्रिल २०१८च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीला कमाल १००, बसला ९०, मालवाहू गाडीला ८०, दुचाकीला ८०. ही कमाल आहे, उद्दिष्ट नव्हे. वस्ती, वळण, तिठा, पूल असेल तिथे पाटी त्याहून कमी सांगते आणि पाटीचंच ऐकायचं असतं. डंपर, टँकर, शाळेच्या बस यांना ६०च्या वर जाऊ न देणारा वेगनियंत्रक बसवण्याचा नियम आहे. आता मालवण-कसाल रस्त्यावर किंवा चौक्याच्या वळणांवर मागून येणारा वाळूचा रिकामा डंपर आठवा आणि तो वेगनियंत्रक कुठे असतो याचा अंदाज तुमचा तुम्ही करा.

दंडाचं तर विचारूच नका. मोटारीला एक ते दोन हजार, जड वाहनाला दोन ते चार हजार. ई-चलान मोबाइलवर येतं, आपण ते बाजूला सारतो, लोकअदालतीत काहीतरी सूट मिळेल म्हणून वाट पाहतो. ओसरगावच्या टोलनाक्यावर एमएच ०७च्या गाड्यांना सवलत मिळावी म्हणून सगळ्या पक्षांची माणसं रस्त्यावर उतरली. जरूर उतरावं. पण आपल्या गावाच्या हद्दीत गाड्या ६०नेच जाव्यात म्हणून निघालेला मोर्चा माझ्या पाहण्यात नाही.

याहून बोलकी गोष्ट डिपरची. पुढे पोलिसांची स्पीडगन लावलेली गाडी उभी असली की समोरून येणारा अनोळखी चालक लाइट मारून आपल्याला सावध करतो. आपणही पुढच्याला करतो. किती हा बंधुभाव! पण पुढच्या वळणावर गुरं बसली आहेत, शाळा सुटली आहे, हे सांगायला कुणी लाइट मारत नाही. पावसाळ्याच्या रात्री गुरं कोरड्या, उबदार काँक्रीटवर येऊन बसतात हे आपल्याला जन्मापासून ठाऊक आहे. आपल्याला भीती पोलिसाची वाटते, गुरांवर आदळण्याची नाही. चोर जसे एकमेकांना फौजदाराची खबर देतात तसे आपण वागतो आणि वर त्याला माणुसकी म्हणतो. हे वाक्य कुणाला लागलं तर लागू दे.

सगळा दोष चालकाचा म्हणून मोकळं होणंही अर्धंच खरं. डंपरचालकाला बहुतेक ठिकाणी खेपेवर पैसे मिळतात. दिवसात एक खेप जास्त मारली तर घरी चार पैसे जास्त जातात. देवगडचा हापूस घेऊन रात्री निघालेल्या पिकअपला पहाटे वाशीच्या बाजारात उभं राहायचं असतं, उशीर झाला की भाव पडतो. मालवण बंदरावरून सुटलेली मासळीची गाडी बर्फ वितळण्याच्या आत पोचायची असते. ही घाई त्या चालकाच्या पायात येते, पण तिचा उगम बागायतदाराच्या, व्यापाऱ्याच्या, मालकाच्या डोक्यात आहे. अपघात झाला की गुन्हा चालकावर दाखल होतो. ‘सहाच्या आत पोचलाच पाहिजे’ असं फोनवर सांगणारा मात्र विम्याचे कागद भरत बसतो. जो माल इतकी माणसं धोक्यात घालून वेळेवर पोचवायचा आहे, तो दोन तास आधी भरायला काय हरकत आहे? आंब्याची पेटी भरायची वेळ आपल्या हातात असते, त्या गाडीपुढे कोण येईल ते नसतं.

मालवणकरांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. महामार्गावरून तासभर शंभरच्या वेगात आलेल्या माणसाच्या डोळ्याला साठ हा वेग बैलगाडीसारखा वाटायला लागतो. तो कसालला वळतो आणि अरुंद, वळणावळणाच्या रस्त्याला लागतो, तरी नजर अजून चौपदरीवरच असते. काटा सत्तरवर असतो आणि त्याला वाटतं आपण हळू चाललोय. तोच पुढे तारकर्ली-देवबागला जातो. तिथे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी आणि रस्त्याला लागून घरांची कुंपणं. पुण्या-कोल्हापूरच्या पर्यटकाला आपण जेवणाचे, स्कूबाचे, होमस्टेचे दर सांगतो. खोली देताना ‘गाडी गावात तीसच्या वर नेऊ नका, पोरं खेळत असतात’ एवढं सांगायला पैसे पडत नाहीत. गिऱ्हाईक रागावेल ही भीती असेल, तर रागावू दे.

आता देवाचं. नवी गाडी घेतली की आपण ती आधी देवळात नेतो. नारळ फुटतो, हार पडतो, लिंबू-मिरची लागते, रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं जातं : बाबा, ह्या लेकराची गाडी सांभाळ. आरवलीच्या वेतोबाला भक्त भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. रात्री तो गावाच्या राखणीला फिरतो आणि त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. या श्रद्धेची मला थट्टा करायची नाही. गावाची कुणीतरी राखण करतंय हा विश्वास आजवर अनेकांना आधार देत आला आहे. पण गाऱ्हाणं घालून बाहेर पडणारा हात पुढच्या तिठ्यावर १२० गाठत असेल, तर त्याने देवाला राखणदार मानलेलं नाही, जामीनदार मानलं आहे. आणि अपघातानंतरचं आपलं नेहमीचं वाक्य, ‘त्याची वेळ भरली होती’? ज्याने धडक दिली त्याला हे वाक्य फार सोयीचं आहे. वेळ कुणी भरवली, हा प्रश्न त्यामुळे विचारायचा राहून जातो. एखाद्याच्या सुतकात असले प्रश्न विचारणं क्रूरपणाचं वाटतं, म्हणून आपण गप्प बसतो, आणि सुतक फिटल्यावर विसरतो.

१९ मे २०२४च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीने दोघांचा जीव घेतला. अल्पवयीन चालकाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायची अट घालून जामीन मिळाला, तेव्हा अख्खा महाराष्ट्र संतापला. संताप योग्यच होता. पण दहावीच्या पोराला क्लासला जायला स्कूटरची चावी देणारी घरं आपल्या प्रत्येक वाडीत आहेत. २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिथे बाप श्रीमंत होता म्हणून आपल्याला तो गुन्हेगार दिसला. इथे बाप ओळखीचा असतो, म्हणून तो ‘कौतुकाने देतो’.

आणि सिंधुदुर्गात गंभीर जखमी झालेल्या माणसाला काय वाट्याला येतं, हेही सांगायला हवं. ओरोसला वैद्यकीय महाविद्यालय झालं, तरी डोक्याला मार बसला की अजूनही अनेकदा गोव्यातलं बांबोळी गाठावं लागतं. जिथे उपचार इतके लांब, तिथे वेग आणखी कमी हवा, हा साधा व्यवहार आहे. जखमीला उचलणाऱ्याला पोलीस छळतील ही भीती मात्र आता सोडावी. मोटार वाहन कायद्याच्या १३४-अ कलमाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे.

उपाय म्हणून गावकरी लगेच गतिरोधक मागतात. राष्ट्रीय महामार्गावर तो सहसा मिळत नाही, आणि रात्री न दिसलेला गतिरोधक दुचाकीवाल्याला स्वतःच पाडतो. कॅमेरे, तिठ्यांवर दिवे, पादचारी पूल हे सगळं मागायलाच हवं. पण ज्याला कुणाच्या मंजुरीची गरज नाही असंही काही आहे. रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये चाळीस माणसं असतात. चालक मोबाइलवर बोलत घाट उतरत असतो, निम्म्यांना ते दिसतं, आणि उठून सांगणारा एकही नसतो. घरातून निघताना आई सांगते, ‘सावकास हाक रे, पोचलस काय फोन कर.’ पोरगा हसतो. पुढच्या सीटवर बसलेल्या बायकोने, मित्राने, भावाने तेच वाक्य १००च्या काट्याकडे बोट दाखवून पुन्हा म्हणायला हवं, आणि हसून टाळलं तर गाडी थांबवून उतरायची तयारी ठेवायला हवी.

१ मेला गावोगावी ग्रामसभा असते. त्या वेळी चाकरमानी सुट्टीवर आलेला असतो, आंबा उतरवून झालेला असतो किंवा चालू असतो, डंपरमालक आणि बागायतदार गावातच असतात. त्या सभेत गटारं आणि पाण्याच्या टाकीबरोबर एवढा विषय घ्यावा : गावातला कुठला मालक चालकाला खेपेवर पैसे देतो, आणि तो उद्यापासून दिवसावर देईल का? मालकांनी सभेत उभं राहून उत्तर द्यावं, आणि ते इतिवृत्तात लिहून घ्यावं.