संतापी लेकरू आणि आपली 'शिक्षा'

🙏 ॥ श्रीगुरुदेव दत्त ॥ 🙏

*साप्ताहिक चिंतन – दाना ओली, लश्कर, ग्वाल्हेर*



आपण ग्वाल्हेरची मराठी माणसं दोन भाषांत राहतो. मुलांच्या शाळेतून आलेल्या कागदावर 'शिक्षा' लिहिलेलं असतं, तेव्हा त्याचा अर्थ शिक्षण. आणि घरात आजोबा म्हणतात, "आता ह्याला शिक्षा झालीच पाहिजे," तेव्हा अर्थ दंड. शब्द एकच. संस्कृतात तो शिकण्यावरूनच आला आहे. म्हणून आज आपण सगळ्यांनी मिळून एका प्रश्नाचा विचार करू या. मूल संतापून हाताबाहेर जातं, तेव्हा आपण त्याला जी शिक्षा करतो, त्यातून ते काय शिकतं?

नेहमीच्या हट्टाबद्दल आपण बोलत नाही आहोत. काही लेकरांचा राग वेगळाच असतो. मोबाईल काढून घेतला, गणित चुकलं, भावानं पेन्सिल उचलली, एवढं निमित्त पुरतं. मग वह्या फाटतात, ताट उडतं, आईच्याच अंगावर हात उगारला जातो. अर्ध्या-पाऊण तासानं तेच लेकरू थकून तिच्याच कुशीत झोपतं. आपल्या ओलीत घराला घर लागून आहे, सगळ्यांना सगळं ऐकू जातं. सकाळी कुणीतरी म्हणतंच, "दोन ठेवून द्या, सुतासारखा सरळ होईल." कुणी म्हणतं, "आईनंच लाडावून ठेवलंय." हळूहळू ती माउली लग्नाकार्याला जायचं टाळते. सत्संगालाही येईनाशी होते. म्हणून हा विषय एका घराचा नाही, आपल्या सगळ्यांचा आहे.

*दोष कुणाचा?*

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, 62 आणि 63 व्या श्लोकांत, भगवंतांनी रागाची शिडीच दाखवली आहे. विषयाचं चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून इच्छा, इच्छेतून क्रोध. क्रोधातून संमोह, मग स्मृतिभ्रंश आणि शेवटी बुद्धिनाश. आपण क्रोधापर्यंतचं लक्षात ठेवतो, पुढचं विसरतो. क्रोध आला की स्मृती जाते, असं भगवंत सांगतात. म्हणजे काल समजावलेलं, परवा दिलेलं वचन, "पुन्हा असं करणार नाही" म्हणून देवासमोर जोडलेले हात, यातलं काहीच त्या घटकेला लेकराजवळ नसतं. मोठ्यांची ही गत, तर आठ वर्षांच्या पोराचं काय!

आजचं शास्त्रही याच वाटेनं येतं. स्वतःला आवरायचं काम करणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. अमेरिकेतले बाल-मानसशास्त्रज्ञ रॉस ग्रीन यांनी 1998 साली अशा मुलांवर 'द एक्सप्लोझिव्ह चाइल्ड' हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की मुलाला नीट वागता येत असतं तर ते वागलंच असतं. थांबणं, ठरलेलं बदललं तर सांभाळून घेणं, मनातलं शब्दांत सांगणं, यातलं काहीतरी त्याला अजून जमत नाही. बाराखडी येत नसेल तर आपण पाटी घेऊन शेजारी बसतो ना? मग हेही शिकवावंच लागेल.

*मुक्ताईनं काय केलं?*

आपल्या परंपरेत 'ताटीचे अभंग' प्रसिद्ध आहेत. आळंदीत लोकांनी टोचून बोललं, अपमान केला, म्हणून ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले, अशी कथा आहे. आईवडील नाहीत, गावानं टाकलेलं. बाहेर उभी राहिली ती सगळ्यांत धाकटी बहीण, मुक्ताई.

तिनं ताटी तोडली नाही. निघूनही गेली नाही. दारात उभी राहून ती आधी भावाला तो कोण आहे, याची आठवण देते. राग गिळून टाक, असं नुसतं सांगत नाही, दाखले देते. त्यातला एक तर प्रत्येक आईबापानं मनात धरून ठेवावा असा आहे. आपलेच दात आपल्या जिभेला लागले, म्हणून कुणी दात पाडून टाकतं का? लेकराचा राग आपल्याला लागतो तेव्हा अगदी हेच झालेलं असतं. दातही आपलेच, जीभही आपलीच.

कुणी म्हणेल, ज्ञानदेवांवर अन्याय झाला होता, आमच्या घरात तर पोरगाच अन्याय करतोय. बरोबर आहे. पण आणखी एक फरक पाहा. मुक्ताई लहान होती, जोर करायची तिची ताकदच नव्हती. आपली आहे. आपण दार तोडू शकतो, हात पिरगळू शकतो. ज्याच्या हातात ताकद आहे त्यानं ती न वापरणं, हीच क्षमा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं, कलम 17 नुसार, शाळेत मुलाला मारायला बंदी आहे. परक्या गुरुजींना जे चालत नाही, ते आईबापांना कसं शोभेल? मारलं की मूल गप्प होतं, हे खरं. पण ते शिकतं एवढंच, की जो मोठा असतो त्याचा राग चालतो. आणि एक दिवस तेही मोठं होणार असतं.

*मग सगळं चालवून घ्यायचं?*

नाही. धाकट्या भावाला मार बसत असेल, तर त्याला आधी बाजूला न्यायचं. उगारलेला हात धरायचा, पण पिरगळायचा नाही. "मी तुला मारू देणार नाही," एवढंच हळू आवाजात सांगायचं. उपदेश तेव्हा नाही. स्मृती परत आली, पोट भरलं, झोप झाली, की मग बसायचं. फाटलेली वही त्यानंच चिकटवायची, सांडलेलं त्यानंच पुसायचं, भावाला त्यानंच जवळ घ्यायचं. प्रायश्चित्त म्हणतात ते हेच. दंडात मूल छोटं होतं, प्रायश्चित्तात आपलं केलेलं आपण निस्तरायला शिकतं. दोन्ही 'शिक्षा'च, पण आपल्या शाळेच्या कागदावरची शिक्षा ही दुसरी.

आणि एक कळकळीची विनंती. मूल स्वतःला इजा करत असेल, रोजच्या रोज असं होत असेल, शाळेतूनही तक्रारी येत असतील, तर नुसता अंगारा लावून थांबू नका. नामस्मरण चालू द्या, पण डॉक्टरांकडेही जा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा नंबर फुकट लागतो, तिथे बोलता येतं. यात कमीपणा काही नाही. डोळ्याला चष्मा लावतोच ना आपण?

*या आठवड्याचा संकल्प*

1. लेकरू संतापलेलं असताना उपदेश नाही, धमकी नाही, त्याचा व्हिडिओ तर मुळीच नाही.
2. कुठल्या वेळी, कशावरून स्फोट होतो, ते आठ दिवस वहीत लिहायचं. भूक? झोप? अभ्यास? शांत वेळी लेकरालाच विचारायचं, "आपण काय करू या?"
3. घरातल्या मोठ्यांपैकी ज्याचा आवाज आधी चढतो, त्यानं आधी एक माळ जप करायचा.
4. ओलीत एखाद्या घरातून रडणं ऐकू आलं, तर सकाळी त्या ताईंना सल्ला द्यायचा नाही. "चहाला या," एवढंच म्हणायचं. तिलाही कुणीतरी ताटीबाहेर उभं राहिलेलं हवं असतं.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥ 🌺